गांधीलमाशीच्या ॲलर्जीवर उपचार घेतलेल्यांचं रोजचं जगणं कसं असतं? नवऱ्यासाठी विचारतेय

कुळागरवाली (सावईवेरे)

नमस्कार मंडळी. बागायत असलेले बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतेय, थोडं लांबेल. माझ्या नवऱ्याला गेल्या वर्षी पावसाच्या शेवटाला गांधीलमाशी चावली. मिरीच्या वेलीत पानांआड पोळं होतं ते दिसलं नाही, मानेवर एकच डंख, पण कुळागरातून, म्हणजे आमच्या सुपारी-मिरीच्या बागायतीतून, घरापर्यंत यायच्या आत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि पाटाच्या कडेला जो खाली बसला तो उठेचना. आमच्याकडे नारळ पाडायला येणाऱ्या पाडेलीने आणि मी मिळून त्याला तिथेच आडवा केला आणि १०८ ला फोन लावला. त्यांनी आल्या आल्या मांडीत ॲड्रिनलिनचं, म्हणजे अशा रिॲक्शनवरच्या औषधाचं, इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात माणूस परत बोलायला लागला, तो क्षण मी जन्मात विसरणार नाही.

पुढे टेस्ट झाल्या, ॲलर्जी पक्की आहे म्हणाले. सध्या ॲड्रिनलिनची अँप्युल (काचेची कुपी) आणि सिरिंज जवळ ठेवायची असं सांगितलंय, आणि विषाची इम्युनोथेरपी म्हणून एक उपचार असतो, म्हणजे त्याच माशीचं विष थोडं थोडं टोचून शरीराला सवय लावायची, तो करायचा तर गोव्याबाहेर जावं लागेल आणि तीन ते पाच वर्षं चालेल असं म्हणाले.

आता माझा खरा प्रश्न. जीव वाचला, देवाची कृपा, पण त्यानंतरचं जगणं काय आहे ते कोणी विचारत नाही. आमचं पोट कुळागरावर, सुपारी, मिरी, केळी, जायफळ, आणि हा माणूस वर्षभर पडवीच्या खाली उतरलेला नाही. शिपणं, सुपारी काढणं सगळं मी आणि गडी बघतो. पिकलेली केळी घरात ठेवू देत नाही, काजूच्या दिवसांत बोंडांच्या वासाला माश्या येतात म्हणून खिडक्या बंद करून उकाड्यात बसला. राजांगणात काहीही भुणभुणलं की उठून आत. रात्री बॅटरी घेऊन वळचणीला पोळं झालंय का बघत फिरतो. आणि चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळा-पानांच्या छताचं, सामान आणायला दर वर्षी हाच रानात जायचा, कांगलां, माट्टुलां, घागऱ्यो कुठे मिळतात ते याला तोंडपाठ, यंदा दिराला पाठवलं आणि हा माटोळी बांधतानासुद्धा प्रत्येक फांदी झटकून झटकून बघत होता. लोक म्हणतात एवढा मोठा माणूस, माशीला काय घाबरायचं. ते ऐकलं की तो आणखी गप्प होतो.

तर कोणी हा उपचार घेतलाय का, किंवा घरात कोणी घेतलाय का? भीती कमी होते का? माणूस परत बागेत जाऊ शकतो का? एवढी वर्षं फेऱ्या मारायच्या तर त्यातून नुसता जीव वाचेल की आयुष्य पण परत मिळेल, हे मला कळायला हवंय.


डिचोलीचा_बाबू (सध्या स्विंडन, इंग्लंड)

ताई, तुमचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही, तुमच्या मिस्टरांचं जे चाललंय ते मी सगळं भोगलंय. मी मूळचा डिचोलीचा, इथे वेअरहाऊसमध्ये काम करतो. इथल्या पिवळ्या-काळ्या वास्प चावून मी असाच कोसळलो होतो. नंतर कित्येक महिने बाहेर बसून खाणं बंद, पार्कात पोरीबरोबर जाणं बंद, ऑगस्ट-सप्टेंबर आला की या माश्या कचऱ्याच्या डब्यांवर, जॅमवर, ज्यूसवर तुटून पडतात तेव्हा तर घराबाहेर पडायचं नावच नको. खिशात पेन होतं, म्हणजे दाबलं की ॲड्रिनलिन टोचणारं ते ऑटोइंजेक्टर, पण खरं सांगतो, पेन खिशात असणं म्हणजे दिवसभर स्वतःला आठवण करून देणं की आज मरू शकतो. सारखा चाचपून बघायचो.

मग ॲलर्जी क्लिनिकमध्ये इम्युनोथेरपी सुरू झाली. पहिले काही आठवडे दर आठवड्याला जायचं, अगदी कणभर डोसपासून वाढवत वाढवत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात, मग तोच डोस महिन्यातून एकदा. मधमाशीच्या एका डंखात साधारण ५० मायक्रोग्रॅम विष असतं म्हणे आणि वास्पच्या डंखात त्याहून कितीतरी कमी, म्हणजे दर महिन्याला आपण डंखाएवढं किंवा त्याहून जास्त विष मुद्दाम घेतो आणि काही होत नाही. दंड सुजतो, खाज येते, इंजेक्शननंतर क्लिनिकमध्येच बसवून ठेवतात कारण रिॲक्शन आली तर ती तिथेच सांभाळता यावी. सुरुवातीला त्या खुर्चीत मला घाम फुटायचा. पण महिन्यामागून महिने तेच विष अंगात जातंय आणि आपण चालत घरी येतोय हे बघून भीतीच हळूहळू विरघळत गेली. डॉक्टरांच्या समजावण्याने जे झालं नव्हतं ते त्या सुईने झालं.

तुम्ही विचारलंत जीव की आयुष्य, तर त्याच्यावर चक्क अभ्यास झालेत. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनच्या डॉक्टरांनी वास्पच्या ॲलर्जीवाल्यांसाठी खास प्रश्नावली तयार केली, बाहेर जाताना किती सावध राहता, बागेत काम करताना किती काळजी वाटते, असले प्रश्न आणि उत्तराला सात पातळ्या. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की इम्युनोथेरपी घेणाऱ्यांचं जगणं सुधारलं आणि ज्यांना फक्त पेन दिलं होतं त्यांचं उलट थोडं खालावलं. माझा स्वतःचा अनुभव तंतोतंत हाच. नंतर २०१२ साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र करून बघितले, तर उपचार घेतलेल्यांपैकी परत चावल्यावर अंगभर रिॲक्शन आली २.७ टक्क्यांना आणि न घेतलेल्यांत ३९.८ टक्क्यांना. जगण्याच्या मोजमापातही चांगला फरक दिसला.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, तुमच्या त्या लोकांना पण सांगा. इथे इंग्लंडमध्ये हा उपचार सरकारी खर्चाने कोणाला द्यायचा त्याचे नियम २०१२ मध्ये नाइस या संस्थेने लिहिले, त्यात तीव्र रिॲक्शनवाले तर आहेतच, पण मध्यम रिॲक्शन आलेल्या माणसाला पुन्हा डंखाची चिंता लागून राहिली असेल तर ते सुद्धा उपचार देण्याचं कारण म्हणून लेखी धरलंय. म्हणजे मिस्टरांची भीती हा त्यांचा भित्रेपणा नव्हे, तो त्या आजाराचाच भाग आहे आणि त्याच्यावर इलाज करायचा असतो.

मी चवथीला गावी आलो तेव्हा रानात गेलो, माटोळी आणली. पेन बरोबर होतं, कारण इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की इंग्लंडची वास्प वेगळी आणि आपल्याकडच्या गांधीलमाश्या वेगळ्या जातीच्या, एकीच्या विषावर घेतलेला उपचार दुसरीला पूर्ण पुरेल असं धरून चालू नको. म्हणून ताई, तुम्ही उपचाराला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा की कुठल्या माशीचं विष वापरणार आणि ते आमच्या माशीला लागू पडेल का.


काजूभाट (काणकोण)

बाबू तुझं सगळं पटलं पण सगळ्यांना स्विंडनला जाता येत नाही रे. माझ्या आईला मधमाशीची अशीच ॲलर्जी आहे, इम्युनोथेरपीची चौकशी केली, बाहेर जाऊन दर महिन्याला तिला नेणं आम्हाला झेपणारं नाही, भाट म्हणजे काजूची बाग कोणी बघायची. तेव्हा आम्ही ॲड्रिनलिन आणि सिरिंजच्या किटवरच आहोत आणि आई काजूच्या सीझनमध्ये आज बागेत असते, म्हणून फक्त किट असेल तर माणूस भीतीत कुढत राहतो हे मी मानत नाही. किट कपाटात असेल तर भीती, घरातल्या सगळ्यांना वापरता येत असेल तर आधार.

आमच्याकडे काय केलं ते सांगतो. डॉक्टरांनी डोस कागदावर लिहून दिला तो कागद किटमध्येच. मी, बायको आणि बागेतला जुना गडी, तिघांनी जाऊन नर्सकडून शिकून घेतलं, रिकाम्या सिरिंजने पाणी ओढून संत्र्यात टोचून सराव केला. गड्याचे हात पहिल्यांदा थरथरत होते, आता तोच दर सोमवारी किट उघडून तारीख बघतो. आमच्या डोंगरात मोबाईलची रेंज नाही, तर आईच्या गळ्यात शिट्टी, आणि रेंज कुठल्या दगडाशी येते ते सगळ्यांना माहीत. बोंडं वेचायला ती पहाटे जाते, ऊन चढलं की माश्यांचा जोर वाढतो तेव्हा ती परत घरी. भट्टीकडे जिथे बोंडं मळतात तिथे ती जात नाही, तेवढं एक सोडलंय. पोळी लहान असतानाच बघून काढायची, ते काम तिचं नाही, आमचं.

आणि ताई, अजून एक. आम्ही सुरुवातीला आईला हलूच देत नव्हतो, इथे जाऊ नको तिथे बसू नको. ती एक दिवस म्हणाली की माशीने मारलं नाही पण तुम्ही मला घरात पुरताय. तेव्हापासून काय टाळायचं ते ती ठरवते, आम्ही फक्त हाताशी असतो. मिस्टरांना कुळागरात न्यायचं तर एकदम मिरीकडे नको, आधी पाटापर्यंत, तुम्ही बरोबर, किट बरोबर.


सत्तरीची_परिचारिका

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आरोग्य केंद्रात काम करते. दोघांचंही बरोबर आहे, उपचार मिळत असेल तर तो घ्यावाच आणि मिळेपर्यंत, आणि चालू असतानाही, किट हवंच. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही. मधमाशीच्या बाबतीत तर हा उपचार गांधीलमाशीपेक्षा थोडा कमी खात्रीचा असतो, वास्पवाल्यांत दहापैकी नऊहून जास्त जण सुरक्षित होतात, मधमाशीवाल्यांत साधारण आठ.

कळकळीने सांगते कारण आमच्याकडे दर सीझनला बघते. माशी चावून गांधी उठल्या, घसा आवळला, चक्कर आली की घरचे आधी ॲव्हिल किंवा सेट्रिझिनची गोळी देतात आणि वाट बघत बसतात. त्या गोळीने खाज कमी होईल, पडलेलं बीपी आणि बंद होणारा श्वास तिने सुधरत नाही. ते काम ॲड्रिनलिनचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, पँटवरून दिलं तरी चालतं. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या १ मिलिच्या अँप्युलमधलं अर्धं, पण तुमच्या डॉक्टरांनी जेवढं लिहून दिलंय तेवढंच घ्या, आणि पाच-दहा मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस द्यायला लागू शकतो म्हणून किटमध्ये दोन तरी ठेवा. माणसाला आडवं करा, पाय वर, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, पण बरं वाटतंय म्हणून उठून चालू देऊ नका, अचानक उभं राहण्यानेच माणसं गेली आहेत. कुळागरवाली ताई, तुम्ही पाडेलीच्या मदतीने तिथेच आडवं केलंत ते अगदी योग्य केलंत. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात थांबायचं, काही जणांना काही तासांनी परत उसळतं.

मधमाशी असेल तर काटा कातडीत राहतो, विषाची पिशवी त्याला लागूनच असते, तो नखाने किंवा कशानेही खरवडून ताबडतोब काढा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. गांधीलमाशीचा काटा बहुतेक वेळा राहत नाही, ती परत परत चावू शकते, तिथे आधी जागा सोडा.

घाई का करायची, तर ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे अशा जीवघेण्या अंगभर रिॲक्शनच्या, मृत्यूंचा २००० साली अभ्यास झाला त्यात डंखानंतर हृदय बंद पडेपर्यंतचा मधला वेळ १५ मिनिटांच्या आसपास निघाला. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या आतल्या गावातून १५ मिनिटांत कुठलं हॉस्पिटल येतं? १०८ ला फोन करायचाच, ती मंडळी जीव तोडून येतात, पण ती पोचेपर्यंतची मिनिटं तुमची.

आता ताई तुमच्यासाठी, ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा काय विचारायचं. रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे ॲलर्जीच्या पेशींतून सुटणारा एक घटक, तपासलंय का विचारा, काही जणांचं ते मुळातच जास्त असतं, त्यांना रिॲक्शन जोरात येते आणि उपचारही पाच वर्षांवर थांबवत नाहीत. मिस्टर बीपीच्या गोळ्या घेत असतील तर त्या दाखवा, बीटा ब्लॉकर असेल तर डॉक्टरांना ते माहीत असायला हवं, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांचं अजून व्हायचंय त्यांच्यासाठी, टेस्ट डंखानंतर लगेच केली तर कधी कधी खोटी नॉर्मल येते, म्हणून चार ते सहा आठवडे थांबून करतात. आणि ज्यांना फक्त चावलेली जागा भरपूर सुजते, हात कोपरापर्यंत टम्म होतो पण बाकी काही नाही, त्यांनी एवढं धास्तावायचं कारण नाही, अशांपैकी थोड्यांनाच पुढे अंगभर रिॲक्शन येते.

शेवटचं म्हणजे झोप. मिस्टर रात्री बॅटरी घेऊन फिरतात म्हणालात. गांधीलमाशा रात्री पोळ्यातच असतात हे त्यांनाही ठाऊक असेल, पण भीतीला ते पटत नाही. वर्ष झालंय, तर ॲलर्जीच्या डॉक्टरांबरोबर एकदा मानसोपचाराच्या ओपीडीलाही दाखवा, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात सोय आहे. यात लाज कसली, मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला तसं होतं.


डिचोलीचा_बाबू

काजूभाट, तुझं गड्याला शिकवण्याचं एकदम मान्य, माझ्याकडे पेन होतं पण ते माझ्याशिवाय कोणालाच वापरता येत नव्हतं, तो फरक आहे खरा.

अजून एक राहिलं होतं. जर्मनीत उपचार घेतलेल्या लोकांना हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर जिवंत वास्प मुद्दाम चावून घेतात, काही झालं नाही की घरी. २०१३ मध्ये तिकडचा अभ्यास आलाय की असा डंख पचल्यावर लोकांचं जगणं आणखी सुधारलं, कारण तेव्हा कुठे मनाला खात्री पटते. हे फक्त हॉस्पिटलात, घरी कोणी चुकूनसुद्धा करू नये. मला तशी टेस्ट नाही झाली, पण मागच्या उन्हाळ्यात बसस्टॉपवर मनगटाला एक चावली, रुपयाएवढी सूज आली आणि बस. मी तिथेच बाकावर बसून बायकोला फोन केला आणि रडलो.


कुळागरवाली (सावईवेरे)

देव बरें करूं तुम्हा सगळ्यांचं. हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं. चिंता हे सुद्धा उपचाराचं कारण म्हणून लिहिलंय ते दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाला, म्हणजे हे बऱ्याच जणांना होतं तर. वर्षभरात पहिल्यांदा तो या विषयावर आपण होऊन बोलला.

आम्ही ठरवलंय की बाहेरच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, कुठल्या माशीचं विष आणि ट्रिप्टेज हे दोन प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. सुपारीचा हंगाम आणि महिन्याची फेरी कशी जमवायची ते दीर आणि मी बघू. तोवर काजूभाट म्हणतात तसं घरातले सगळे शिकतो, पाडेली पण शिकायला तयार आहे, तो म्हणतो माडावरून मला सगळ्यात आधी दिसतं.

फक्त एक विचारायचं राहिलं परिचारिका ताई, अँप्युल फ्रिजमध्ये ठेवायची का? सध्या मी दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलीय, आणि कुळागरात नेताना त्याच्या स्कूटरच्या डिकीत ठेवायचं म्हणतोय.


सत्तरीची_परिचारिका

फ्रिज नको आणि डिकी तर मुळीच नको, उन्हात डिकी भट्टीसारखी तापते. घरात उजेड न लागणाऱ्या थंड जागी, डब्यात घालून ठेवायची. बाहेर जाताना कमरेच्या पाऊचमध्ये, त्यांच्याच अंगावर, कारण स्कूटर वर रस्त्यावर राहते आणि माणूस खाली पाटाजवळ असतो. औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं, पिवळट किंवा तपकिरी झालं किंवा आत कण दिसले की तारीख बाकी असली तरी बदला. अँप्युल फोडायची कशी ते पण शिकून घ्या, घाबरलेल्या हाताने काच फुटते, कापूस गुंडाळून मान मोडायची. येत्या आठवड्यात पाडेलीला घेऊन जवळच्या केंद्रात जा, दाखवतील.